चौदा अंशांची राखण

२० नोव्हेंबर २०२४ रोजी बिहारमधील राजगीर येथे महिलांच्या आशियाई चॅम्पियन्स करंडक हॉकी स्पर्धेचा अंतिम सामना झाला. भारताची गाठ चीनशी होती. ३१ व्या मिनिटाला दीपिकाने पेनल्टी कॉर्नरवर गोल केला आणि सामना १-० असाच संपला. हॉकीचा सामना ६० मिनिटांचा असतो. म्हणजे त्या एका गोलाच्या आधारावर भारतीय संघाला जवळजवळ २९ मिनिटे काढायची होती. गोल कोणी केला ते आपण लगेच सांगतो. पण ही २९ मिनिटे कोणी राखली असे विचारले तर आपण अडखळतो.

त्या संघात बचावपटू म्हणून निवडलेल्या मुलींमध्ये एक नाव आमच्या सातारा जिल्ह्यातले होते. फलटण तालुक्यातील आसू गावची वैष्णवी फाळके. ती मधल्या फळीतही खेळते. हांगझोऊ येथे २०२३ साली झालेल्या आशियाई खेळांत कांस्यपदक मिळवणाऱ्या संघातही ती होती. फलटण तालुक्यातलीच अक्षता ढेकळे तर बचावपटू म्हणूनच ओळखली जाते. २०२२ साली दक्षिण आफ्रिकेत झालेल्या ज्युनियर विश्वचषकात भारत चौथा आला, त्या संघात या दोघीही होत्या. एका तालुक्याच्या मानाने हे थोडे नव्हे!

आता एक प्रश्न. बचावपटूचे काम कोणते? 'चेंडू हिसकावून घेणे' असे उत्तर बहुतेक जण देतील. मीही कॉलेजात असताना फुलबॅक खेळत असे आणि माझीही तीच समजूत होती. चेंडू दिसला की मी त्यावर तुटून पडे, आणि समोरचा गडी मला सहज चकवून निघून जाई. आमचे क्रीडाशिक्षक काठावरून ओरडत, "अरे, चेंडू नको घेऊस, त्याला कडेला ने!" त्यांचे म्हणणे मला कळले ते पुढे, भौतिकशास्त्र शिकवायला लागल्यावर. तुम्हांला ते आजच कळेल. फक्त एक मोठा कागद, पट्टी, दोरा आणि कोनमापक घ्या.

हॉकीचा गोल ३.६६ मीटर रुंद असतो. गोलासमोरची जी अर्धवर्तुळासारखी रेघ, जिला खेळाडू 'डी' म्हणतात, ती गोलरेषेपासून १४.६३ मीटरवर असते. डीच्या आतून मारलेला फटकाच गोल म्हणून धरतात. एक मीटरला एक सेंटिमीटर असे प्रमाण घ्या. कागदाच्या तळाशी ३.७ सेंटिमीटरचा गोल काढा. दोन्ही खांबांपाशी टाचणी रोवून १४.६ सेंटिमीटर दोऱ्याने दोन कंस काढा आणि ते वरती सरळ रेघेने जोडा. झाली तुमची डी.

आता डीच्या माथ्यावर, गोलाच्या बरोबर समोर, एक बिंदू घ्या आणि तेथून दोन्ही खांबांना रेघा जोडा. मधला कोन मोजा. तो १४ अंशांच्या थोडा वर येईल. फटका मारणारीला मिळालेली 'खिडकी' ती एवढी. मग जवळच्या खांबाशी, मागच्या रेषेपासून ४५ अंशांवर, डीच्या रेघेवर दुसरा बिंदू घ्या. कोन साडेआठ अंश भरेल. आणखी कडेला सरका, मागच्या रेषेपासून फक्त २० अंशांवर या. आता कोन केवळ ४ अंश! गोलापासूनचे अंतर फारसे बदललेले नाही. गोल तेवढाच आहे. चेंडू अजून आघाडीच्या खेळाडूपाशीच आहे, बचावपटूने त्याला स्पर्शही केलेला नाही. तरीपण चौदातले दहा अंश तिने काढून घेतले. आमचे सर 'कडेला ने' म्हणत ते यासाठी.

पण न्यायचे कसे? हॉकीत अंगाने ढकलता येत नाही. बचावपटू गोल आणि आघाडीची खेळाडू यांच्यामध्ये, किंचित आतल्या बाजूला उभी राहते. शरीर तिरके, गुडघे वाकलेले, स्टिक जमिनीलगत. आतली वाट बंद दिसली की समोरची आपोआप बाहेरच्या वाटेने पळते. आणि बचावपटू तिच्यावर धावून जात नाही, उलट मागे मागे सरकते. हे पाहून प्रेक्षकांतले काही जण 'घाबरली' असे म्हणतात. त्यांना सापेक्ष वेग शिकवला पाहिजे.

समजा, आघाडीची खेळाडू सेकंदाला ६ मीटर वेगाने येत आहे आणि दोघींत ५ मीटर अंतर आहे. बचावपटू ४ मीटर वेगाने तिच्याकडे धावली, तर सापेक्ष वेग १० मीटर होतो आणि अर्ध्या सेकंदात दोघी समोरासमोर येतात. तीच बचावपटू ४ मीटर वेगाने मागे सरकली, तर सापेक्ष वेग उरतो फक्त २ मीटर. आता तेच अंतर संपायला अडीच सेकंद लागतात. डोळ्यांनी पाहून हातापायांनी हालचाल सुरू करायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. (मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरून अचानक सोडायला सांगा आणि चिमटीत पकडा. ती २० सेंटिमीटर घसरली, तर तुमचा प्रतिक्रियाकाल ०.२ सेकंद.) अर्ध्या सेकंदातले ०.२ गेले तर हाती काय उरते? अडीच सेकंदांतले ०.२ गेले तर बरेच उरते. शिवाय तेवढ्या वेळात मधल्या फळीतली एखादी मदतीला धावत येते, तो फायदा वेगळाच.

मात्र मागे सरकणे कुठेतरी थांबवावेच लागते, नाहीतर आपणच गोलात जाऊ! इथे समरूप त्रिकोण कामी येतात. आपला कागद पुन्हा घ्या. माथ्यावरच्या बिंदूपासून निघालेल्या दोन रेघा गोलाकडे जाताना रुंदावत जातात. गोलरेषेवर उभे राहिले तर ३.६६ मीटर रुंदी राखायची. फटका मारणारीपासून २ मीटरवर उभे राहिले तर ३.६६ ला २ ने गुणून १४.६३ ने भागायचे, उत्तर फक्त अर्धा मीटर. जमिनीलगत आडवी धरलेली स्टिक तेवढी जागा सहज अडवते. पण फुकट काहीच मिळत नाही. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने आलेला चेंडू हे २ मीटर ०.०८ सेकंदात कापतो. पाहून हलायला वेळच नाही. म्हणून फटका बसण्याआधीच स्टिक योग्य जागी असावी लागते. जवळ जावे तर रुंदी कमी होते आणि वेळही कमी होतो. दूर राहावे तर दोन्ही वाढतात. कोणत्या क्षणी किती जवळ जायचे, हा हिशेब शिकण्यात बचावपटूची वर्षे जातात.

याची खरी कसोटी पेनल्टी कॉर्नरला लागते. बचाव करणाऱ्या फक्त पाच जणी, गोलरक्षक धरून, मागच्या रेषेमागे उभ्या असतात. चेंडू खांबापासून १० मीटरवरच्या खुणेवरून डीच्या माथ्याबाहेर ढकलला जातो, तिथे अडवून गोलाकडे फेकला जातो. चेंडू सुटताक्षणी पहिली धावणारी मुलगी, तोंडावर मुखवटा आणि हातात मोजे घालून, थेट फटका मारणारीच्या अंगावर झेपावते. चेंडू बाहेर जाऊन फटका बसेपर्यंत १.७ सेकंद गेले असे धरू. सरासरी ५ मीटर वेगाने ती साडेआठ मीटर पुढे गेली, म्हणजे फटक्यापासून सुमारे ६ मीटरवर आली. आता राखायची रुंदी दीड मीटर, आणि चेंडू तिच्यापर्यंत पोचायला ०.२४ सेकंद. प्रतिक्रियाकालाच्या जेमतेम वर! एक पाऊल उशिरा निघाली तर रुंदी वाढते. एक पाऊल आणखी पुढे गेली तर पाहून हलणे विसरायचे, उरते ते फक्त धैर्य.

धैर्य का, तेही आकड्यांत पाहू. चेंडूचे वस्तुमान सुमारे १६० ग्रॅम. २५ मीटर वेगाला त्याची गतिज ऊर्जा ५० ज्यूल होते. हा चेंडू १ सेंटिमीटरमध्ये थांबला तर सरासरी बल ५००० न्यूटन. स्टिक सैल धरून १० सेंटिमीटर मागे नेली तर ५०० न्यूटन. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे नेतात तसेच. पण नडगीला हात मागे नेण्याची सोय नसते. फुलबॅक असताना माझ्या उजव्या नडगीवर बसलेल्या एका चेंडूची खूण आजही आहे, आणि तो तर या वेगाच्या निम्म्यानेही आला नसावा. नियमही कडक आहे. पेनल्टी कॉर्नरच्या पहिल्या फटक्यापासून ५ मीटरच्या आत असलेल्या बचावपटूला चेंडू गुडघ्याखाली लागला तर पुन्हा पेनल्टी कॉर्नर! म्हणजे मार खायचा आणि तोच प्रसंग परत सोसायचा.

एवढे करून नोंदवहीत काय लिहिले जाते? आघाडीच्या खेळाडूच्या नावावर गोल चढतात. न झालेले गोल कोणाच्या नावावर लिहायचे? बर्फावरच्या हॉकीत यावर एक तोड काढली आहे. खेळाडू मैदानावर असताना आपल्या संघाने गोल केला की त्याला अधिक एक, खाल्ला की उणे एक. (संख्याबळ असमान असतानाच्या गोलांचे नियम वेगळे आहेत, ते सोडून देऊ.) बॉबी ऑर हा कॅनडाचा बचावपटू १९७०-७१ च्या हंगामात अधिक १२४ वर पोचला. बचावपटू असून त्याने दोन हंगामांत लीगमध्ये सर्वाधिक गुणही मिळवले. परंतु गुडघ्यांच्या दुखापतींनी १९७८ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याला खेळ सोडावा लागला. सतत वाकून, वळून, थांबून सगळा ताण गुडघेच सोसतात.

मला ही अधिक-उणे पद्धत पुरेशी वाटत नाही. उत्तम गोलरक्षकाच्या पुढे उभा राहिलेला सुमार बचावपटूही तीत चांगला दिसतो. त्यापेक्षा प्रत्येक फटक्याच्या वेळी समोरच्याला किती अंशांची खिडकी मिळाली ते मोजावे. २०२५ च्या जानेवारीत महिलांची हॉकी इंडिया लीग प्रथमच झाली. आता असे सामने दूरदर्शन संचावर पाहायला मिळतात. एखादा सामना पाहताना कागदावर डी काढून ठेवा, प्रत्येक फटक्याची जागा टिंबाने दाखवा आणि नंतर कोन मोजा. आपल्या शाळेच्या सामन्यातही हे करता येईल.

जाता जाता एक गणित. बर्फावरच्या हॉकीचा गोल १.८३ मीटर रुंद असतो, आपल्या गोलाच्या बरोबर निम्मा. तिथे समोरून तोच १४ अंशांचा कोन मिळायला गोलापासून किती अंतरावर उभे राहावे लागेल? कोनमापक न वापरता सांगा.