विहिरीचे पाणी व कागदी पट्टीची परीक्षा

तापीकाठचे सारंगखेडा हे गाव दत्तजयंतीची यात्रा व घोडेबाजार ह्यांसाठी सर्वश्रुत आहे. ह्या परिसरातील केळी, पपई व ऊस ह्या बागायती पिकांना नत्रखतांची मात्रा भरपूर लागते. पिकाने न घेतलेले नत्र नायट्रेटच्या रूपाने ओलिताच्या पाण्याबरोबर खाली झिरपते व विहिरीस मिळू शकते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट असू नये. अशा दूषित पाण्यात कालवलेले वरचे दूध पाजल्यास सहा महिन्यांच्या आतील बालकाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटून अंग निळे पडण्याचा धोका असतो. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते.

नायट्रेट ओळखण्यासाठी स्वस्त कागदी पट्टी मिळते. काही पट्ट्यांत जस्ताची पूड नायट्रेटचे नायट्राइट करते व पुढे गुलाबी रंग उमटतो. परंतु पाणी कागदभर पसरले की रंगही विखुरतो व फिका दिसतो. ह्यावर उपाय म्हणून २००७ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज व्हाइटसाइड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदावर पाणी न शोषणाऱ्या सीमा आखल्या. पुढे हेच काम मेणाच्या छपाईने होऊ लागले. पाणी लहानशा वर्तुळात अडते, रंग एके ठिकाणी साठतो व थोडे नायट्रेटही डोळ्यांस दिसते.

गावातही पट्टीची परीक्षा अधिक अचूक करता येते. ग्रामसेवकांनी पुढील दक्षता घ्यावी :

१. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवावी. दमट हवेने पट्टी निकामी होते.

२. वेष्टनावर दिलेल्या वेळीच, सावलीच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर पट्टी ठेवून रंग पाहावा.

३. प्रत्येक वेळी दोन पट्ट्या तुलनेसाठी वापराव्यात. एक ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवावी. तिच्यावर रंग येऊ नये. दुसरी, १ लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ७३ मिलिग्रॅम शुद्ध पोटॅशियम नायट्रेट विरघळवून केलेल्या द्रावणात बुडवावी. ह्या द्रावणात ४५ मिलिग्रॅम नायट्रेट असते. प्रयोगशाळेकडून ते तयार करून घ्यावे.

ह्या द्रावणातही रंग न आल्यास पट्टी बाद समजावी, पाणी निर्दोष समजू नये. ह्या एका भेदावर तान्ह्या बालकाचे आरोग्य अवलंबून आहे.

विहिरीच्या पाण्याचा रंग तुलनेच्या पट्टीइतका वा अधिक गडद आल्यास ते पाणी बालकास देऊ नये व नमुना प्रयोगशाळेकडे धाडावा. शेतकरी बांधवांनी माती परीक्षणानुसार नत्राची मात्रा ठरवून ती हप्त्यांनी द्यावी. त्यामुळे खताचा पैसा पिकास लागतो व विहीरही शुद्ध राहण्यास मदत होते.