कर्णधार शत्रूच्या गोटात

आधीच सांगून टाकतो: फुटबॉलमध्ये मी आर्सनलवाला. त्यामुळे पुढचं सगळं त्या चष्म्यातून वाचा. जुलै २००१ मध्ये टॉटनहॅमचा कर्णधार सोल कॅम्पबेल आमच्याकडे आला तेव्हा मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. ऑगस्ट २०१२ मध्ये आमचा कर्णधार रॉबिन व्हॅन पर्सी मँचेस्टर युनायटेडला गेला, तेव्हा दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. कॅम्पबेल ‘व्यावसायिक खेळाडू’ होता आणि व्हॅन पर्सी ‘गद्दार’. हा शब्द महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत इतका झिजलाय की वापरताना संकोच वाटतो, पण त्या रात्री तोच तोंडात आला. दोन्ही प्रसंगांत माणसाने केलं एकच होतं. बदलली होती ती माझी खुर्ची.

त्या खुर्चीतून उठून पाहिलं की कर्णधाराच्या जाण्याबद्दल चाहते जे छातीठोकपणे बोलतात, त्यातलं बरंचसं गळून पडतं.

गैरसमज : चाहत्यांना राग येतो तो खेळाडू सोडून गेल्याचा.

वस्तुस्थिती : सोडून तर सगळेच जातात. कॅम्पबेल बार्सिलोनाला गेला असता तर टॉटनहॅमचे लोक हळहळले असते आणि महिन्याभरात विसरले असते. तो गेला चार मैलांवर. आर्सनल मुळात दक्षिण लंडनमधल्या वूलिचचा क्लब. १९१३ मध्ये तो उठून उत्तरेला हायबरीत आला, टॉटनहॅमच्या अंगणातच म्हणा ना. १९१९ मध्ये पहिला विभाग वाढवताना मतदान झालं. टॉटनहॅम खाली ढकलला गेला आणि दुसऱ्या विभागातला आर्सनल वर घेतला गेला. हा बांधाचा तंटा आहे. भाऊबंदकी पाहिलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

त्यात दिलेला शब्द आला. कॅम्पबेल पोरगेलेपणापासून टॉटनहॅममध्ये वाढला, पुढे कर्णधार झाला. १९९९ मध्ये लेस्टरला १-० हरवून लीग कप त्यानेच उंचावला. करार संपत आला तेव्हा आपण थांबू असं तो बोलत राहिला आणि आर्सनलचं नाव त्याने झटकून टाकलं होतं. मग ३ जुलै २००१ उजाडला. आर्सनलच्या सराव मैदानावर पत्रकार जमले होते ते रिचर्ड राइट या नव्या गोलरक्षकाला पाहायला मिळेल या समजुतीने. दारातून आत आला कॅम्पबेल.

तिसरी गोष्ट चाहते स्वतःशीही नीट कबूल करत नाहीत. कर्णधाराच्या बदल्यात टॉटनहॅमला एक पेनीही मिळाली नाही. व्हॅन पर्सीच्या वेळी आम्हाला निदान सुमारे २ कोटी ४० लाख पौंड मिळाले होते. घर सोडून जाणाऱ्याचं दुःख वेगळं आणि जाताना घरातली भांडीही गेली याचं वेगळं.

गैरसमज : तो करार मोडून पळाला.

वस्तुस्थिती : पळाला नाही, करार संपला म्हणून गेला. इथे बेल्जियमच्या एका सामान्य खेळाडूची गोष्ट सांगायला हवी. जाँ-मार्क बोस्मानचा लिएज क्लबशी असलेला करार १९९० मध्ये संपला. त्याला फ्रान्समधल्या डंकर्कला जायचं होतं. पण तेव्हाची पद्धत अशी, की करार संपला तरी जुना क्लब ट्रान्सफर फी मागू शके आणि ती मिळाली नाही तर खेळाडू अडकून पडे. बोस्मान कोर्टात गेला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला: युरोपीय संघातल्या खेळाडूचा करार संपला की तो मोकळा. दुसऱ्या सदस्य देशातल्या क्लबात जाताना त्याच्यासाठी पैसे मागता येणार नाहीत. पुढे देशांतर्गत बदलांनाही हाच नियम लागू झाला.

याचा व्यवहारी परिणाम काय, तर नव्या क्लबची फी वाचते आणि त्यातला चांगला मोठा वाटा खेळाडूच्या पगारात जातो. कॅम्पबेलचा आर्सनलमधला पगार आठवड्याला एक लाख पौंडांच्या घरात असल्याचं तेव्हा छापून येत होतं. म्हणजे ‘पैशासाठी गेला’ हे बोलणं खोटं नाही. अपुरं आहे. त्याला राहण्यासाठी टॉटनहॅमही क्लबातला सर्वांत मोठा पगार मोजायला तयार होता. पण लीगमध्ये तो क्लब २००० साली दहावा आला होता आणि २००१ साली बारावा. सव्वीस वर्षांच्या बचावपटूने हा तक्ता पाहिला नसेल असं समजणं भाबडेपणाचं आहे. आर्सनलमध्ये पहिल्याच वर्षी त्याने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. २००४ मध्ये संघ अख्ख्या लीगमध्ये ३८ सामने न हरता विजेता झाला, आणि ते विजेतेपद पक्कं झालं टॉटनहॅमच्याच मैदानावर, २-२ अशा बरोबरीने. टॉटनहॅमला १९९९ नंतरचा पुढचा चषक मिळायला २००८ उजाडलं.

कर्णधाराच्या दंडावरच्या पट्टीला करारात किंमत नसते, हेही इथेच सांगून ठेवतो. ती पट्टी प्रशिक्षक देतो आणि प्रशिक्षकच काढून घेतो. निष्ठेची शपथ तिच्यात फक्त चाहता वाचतो.

गैरसमज : बार्सिलोनाचा कर्णधार लुईस फिगो रेआल माद्रिदला गेला आणि परतला त्या पहिल्याच सामन्यात लोकांनी त्याच्यावर डुकराचं मुंडकं फेकलं.

वस्तुस्थिती : या एका वाक्यात दोन चुका आहेत, तरी ते जगभर फिरतं. २००० मध्ये बार्सिलोनाचा कर्णधार पेप ग्वार्डिओला होता. फिगो त्याच्या खालोखाल, अधूनमधून पट्टी बांधणारा. आणि पहिल्या परतीच्या सामन्यात, ऑक्टोबर २००० मध्ये, कानठळ्या बसवणाऱ्या शिट्ट्या होत्या, मुंडकं नव्हतं. ते आलं दोन वर्षांनी, २३ नोव्हेंबर २००२ ला. फिगो कॉर्नर घ्यायला गेला की वस्तूंचा पाऊस पडे. शेवटी पंचांनी खेळ सुमारे पाव तास थांबवला. म्हणजे दोन वर्षांत राग निवला नाही, उलट आंबत गेला.

गैरसमज : जुने शिव्या देतात, नवे डोक्यावर घेतात.

वस्तुस्थिती : मान्युएल नॉयरला विचारा. गेल्झेनकिर्शेनचा हा पोरगा लहानपणापासून शाल्केचा, पुढे त्यांचा गोलरक्षक आणि कर्णधार. २००९ मध्ये म्युनिकमध्ये बायर्नला हरवल्यावर त्याने कोपऱ्यातला झेंडा उपटून ऑलिव्हर कानची नक्कल केली होती. कान म्हणजे बायर्नचं दैवत. दोन वर्षांनी तोच नॉयर बायर्नकडे येणार अशी कुणकुण लागताच बायर्नच्या प्रेक्षकांनी ‘नॉयर नको’ अशा अर्थाचे फलक प्रेक्षागृहभर उंचावले. इकडे शाल्केचे लोक संतापलेले, तिकडे बायर्नचे दार लावून बसलेले. माणूस दोन्ही घरचा पाहुणा आणि दोन्हीकडे उपाशी. तो २०११ मध्ये गेला, खेळला, जिंकत राहिला आणि २०१७ मध्ये बायर्नचाही कर्णधार झाला. फलक कुठे गेले कोण जाणे.

गैरसमज : शिव्या म्हणजे प्रेमाचीच दुसरी बाजू. ‘जितकं प्रेम, तितका राग.’

वस्तुस्थिती : हे वाक्य मीही वापरलंय आणि आता मागे घेतो. नोव्हेंबर २००१ मध्ये कॅम्पबेल पहिल्यांदा जुन्या मैदानावर आला तेव्हा ‘ज्यूडास’ लिहिलेले फुगे होते, येशूचा घात करणाऱ्या शिष्याचं नाव. त्याच्या प्रत्येक स्पर्शाला हुर्यो होती. सामना १-१ सुटला. हे सगळं मला मान्य आहे. तिकीट काढून आलेल्या माणसाला हुर्यो उडवायचा हक्क आहे, आणि तो फुकट जाऊ नये.

पण २८ सप्टेंबर २००८ घ्या. कॅम्पबेलने टॉटनहॅम सोडून सात वर्षं झालेली. आर्सनलही सोडून तो पोर्ट्समथचा कर्णधार झालेला, मे महिन्यात एफए कप जिंकलेला. टॉटनहॅमचा संघ पोर्ट्समथला खेळायला आला आणि पाहुण्या प्रेक्षकांतल्या काहींनी एक गाणं म्हटलं. त्यात समलिंगी माणसांबद्दलची घाण होती, वेडाची टवाळी होती आणि झाडाला लटकणाऱ्या माणसाचं चित्र होतं. कृष्णवर्णीय खेळाडूसमोर त्या चित्राचा अर्थ काय होतो, हे न कळायला माणूस फार निरागस हवा. पोलिसांनी छायाचित्रं प्रसिद्ध करून माणसं शोधली, खटले झाले, काहींना मैदानबंदी झाली. यात २००१ च्या दुखावलेल्या प्रेमाचा अंशही नव्हता. ज्याला घाण ओकायचीच होती त्याला सबब मिळाली होती, इतकंच. टॉटनहॅमचे बहुसंख्य लोक त्या गाण्यात नव्हते, हेही तितकंच खरं.

गैरसमज : आपल्याकडे इतकी निष्ठाच नाही, म्हणून इतका राग नाही.

वस्तुस्थिती : आपल्याकडे २०२० मध्ये एफसी गोवाचा मंदार राव देसाई मुंबई सिटीला गेला. घरचा मुलगा, कर्णधारपद भूषवलेला. एकटाही नाही: प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आणि अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्युगो बुमूस हेही त्याच वाटेने. गोव्याच्या जिव्हारी लागणारी गोष्ट होती. पण ते कोविडचं वर्ष. इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) संपूर्ण हंगाम गोव्यातच आणि प्रेक्षकांविना झाला. मार्च २०२१ मध्ये मुंबई सिटीने विजेतेपद मिळवलं ते मडगावजवळच्या फातोर्ड्यात, रिकाम्या खुर्च्यांसमोर. राग होता की नव्हता, हे मैदानावर ऐकू यायची सोयच नव्हती.

गैरसमज : ही सीमा ओलांडणाऱ्याला कधीच क्षमा नसते.

वस्तुस्थिती : गोलरक्षक पॅट जेनिंग्ज १९७७ मध्ये टॉटनहॅमहून आर्सनलला गेला, आठ वर्षं खेळला आणि दोन्हीकडे आजही लाडका आहे. कारण त्याला टॉटनहॅमनेच संपला समजून ४५ हजार पौंडांना विकला होता. राग खेळाडूवर निघाला नाही. आणि १९९९ चा तो लीग कप, कॅम्पबेलने उंचावलेला, तो जिंकून देणारा टॉटनहॅमचा प्रशिक्षक कोण? जॉर्ज ग्रॅहम, ज्याने आधी आर्सनलला दोनदा लीग जिंकून दिली होती. तेव्हा कुणी चषक परत केला नाही.

उलट्या दिशेनेही एक जण गेला. विल्यम गॅलास आमचा कर्णधार होता. २००८ मध्ये त्याचं कर्णधारपद काढलं गेलं आणि २०१० मध्ये तो टॉटनहॅमला गेला, तोही फुकट. २० नोव्हेंबर २०१० रोजी तो आमच्या मैदानावर आला. मध्यंतराला आम्ही २-० पुढे होतो. टॉटनहॅम ३-२ जिंकला, आर्सनलच्या घरात लीगमधला सतरा वर्षांतला त्यांचा पहिला विजय. त्या दिवशी टॉटनहॅमच्या कर्णधाराची पट्टी गॅलासच्या दंडावर होती.