कापसाची गाडी, गरिबांचे स्टेशन

वऱ्हाडाने जिला लाडाने शकुंतला म्हटले, ती अडीच फुटी रुळांची गाडी आता यवतमाळच्या स्टेशनात येत नाही. मूर्तिजापूर-यवतमाळ हा 113 किलोमीटरचा आणि मूर्तिजापूर-अचलपूर हा 76 किलोमीटरचा, दोन्ही फाटे गेल्या दशकात बंद पडले. कारंजा, दारव्हा, दर्यापूर, अंजनगाव येथील शकुंतलेची वर्दळही संपली.

ही गाडी गरिबांसाठी घातली गेली, असा भ्रम आम्ही बाळगत नाही. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने ती घातली कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढे, मुंबईला जाई आणि तेथून मँचेस्टरच्या गिरण्यांत. गाडी ओढणारे 1921 सालचे इंजिनही मँचेस्टरचेच; ते 1994 पर्यंत धावले! कापूस वेचणाऱ्या बायांच्या पदरात काय पडले, हे कोणत्या कंपनीच्या वहीत सापडायचे? 1951 साली देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, पण हे रूळ कंपनीचेच राहिले. गाडी चालवायची सरकारने आणि वर मोबदला द्यायचा कंपनीला!

तरीही गरिबाने ती आपली करून घेतली. एस.टी.पेक्षा तिकीट स्वस्त, म्हणून मजूर तिची वाट बघत बसे. शेवटी शेवटी स्टेशनांवर कर्मचारी उरले नाहीत. गार्डच तिकिटे देई, खाली उतरून फाटकही लावी.

रेल्वेच्या डब्यात जात राहत नाही, असे बोलण्याची पद्धत आहे. असेल, पण स्टेशनवर उतरले की गाव सुरू होते. 1901 साली सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहानग्या भीमरावांना आणि भावंडांना, जात कळताच, बैलगाडीवाल्यांनी नाकारले. दुप्पट भाडे देऊन, गाडीही मुलांनीच हाकायची, या अटीवर एक जण कसाबसा तयार झाला. म्हणून ओसाड स्टेशनांवर नुसते हळवे होणे आम्हाला जमत नाही. आम्हाला चिंता आहे ती तिथून चढणाऱ्या माणसाची.

वर्ध्याहून यवतमाळकडे निघालेल्या मोठ्या रेल्वेचा कळंबपर्यंतचा टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. चांगले झाले. पण कारंजा, दर्यापूर, अंजनगावचा मजूर त्या वाटेवर नाही. शकुंतलेच्या रुंदीकरणाची मागणी वऱ्हाड वर्षानुवर्षे करीत आहे. कापसासाठी रूळ टाकायला इंग्रजाला वेळ होता. कापूस पिकवणाऱ्यांसाठी ते रुंद करायला आमच्या सत्ताधाऱ्यांना वेळ कधी मिळणार?