एकच संशोधन, अनेक वाचक : निष्कर्षांच्या सादरीकरणातील लेखनशैलीचा विचार

प्रस्तावना :

निष्कर्ष हाती आले की संशोधन पूर्ण झाले, असा समज उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात सर्रास आढळतो. वस्तुतः तो निष्कर्ष ज्यांच्या उपयोगी पडावयाचा, त्यांना कळेल अशा भाषेत त्यांच्यापर्यंत पोहोचेपर्यंत संशोधकाचे कार्य अपुरेच असते. प्रबंधासाठी सिद्ध केलेला मजकूर थोडीफार काटछाट करून संशोधनपत्रिकेकडे, तोच चर्चासत्राच्या स्मरणिकेकडे आणि तोच वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीकडे पाठविण्याची प्रथा अनेक ठिकाणी रूढ आहे. उलटपक्षी, सोपे करून सांगण्याच्या भरात आकड्यांमागील अटी गळून पडतात आणि मूळ निष्कर्षच पालटतो. पहिल्या दोषामुळे वाचक दुरावतो, तर दुसऱ्या दोषामुळे तो फसतो. या दोन्ही दोषांपासून दूर राहून लेखनशैलीत बदल कसा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील एका परिचित संशोधनाच्या आधारे केला आहे.

अभ्यासाचे स्वरूप :

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था स्थापन केली. या संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांच्या घरोघरी देखभालीचा प्रयोग केला आणि ४७ गावे तुलनेसाठी घेतली. १९९३ ते १९९५ या काळात मूळ स्थितीची नोंद करण्यात आली आणि त्यानंतर १९९८ पर्यंत गावातीलच प्रशिक्षित स्त्रियांकरवी बालकांची देखभाल करण्यात आली. प्रयोगाच्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ५८ वरून ५९.६ झाला. हे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

तज्ज्ञ वाचकांसाठी लेखन :

वैद्यकीय नियतकालिकाचा वाचक लेखकावर सहजासहजी विश्वास ठेवीत नाही आणि ठेवूही नये, अशी तेथील परंपरा आहे. म्हणून अशा लेखात पद्धतीला अग्रस्थान असते. गावांची निवड कशी झाली, जन्म व मृत्यू यांची नोंद कोणी तपासली, तुलनेची गावे मुळात प्रयोगाच्या गावांसारखी होती काय, हे प्रश्न वाचक प्रथम विचारतो. या प्रयोगातील गावांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने झालेली नव्हती. ही मर्यादा तज्ज्ञाच्या दृष्टीने निष्कर्षाइतकीच महत्त्वाची ठरते.

एकाच लेखात सर्व तपशील मावत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे लागते. याच प्रयोगाची सविस्तर मांडणी २००५ मध्ये 'जर्नल ऑफ पेरिनॅटॉलॉजी' या नियतकालिकाच्या पुरवणी अंकातील अनेक लेखांतून करण्यात आली. पहिल्या लेखाने 'काय घडले' हे सांगितले, तर पुढील लेखमालेने 'ते कसे घडले' याचा उलगडा केला. प्रत्येक लेखाला स्वतंत्र प्रश्न असेल तरच अशी विभागणी समर्थनीय ठरते. केवळ प्रकाशनांची संख्या वाढविण्यासाठी एका निष्कर्षाचे तुकडे करणे हा संशोधननीतीचा भंग होय.

धोरणकर्ते व सुजाण नागरिक :

महाराष्ट्रातील बालमृत्यूंची खरी गणती किती, या प्रश्नावर 'सर्च' व अन्य स्वयंसेवी संस्थांनी केलेला अभ्यास दोन रूपांत वाचकांसमोर आला. २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा मराठी अहवाल निघाला. पुढे २००२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली' या साप्ताहिकात 'महाराष्ट्रातील बालमृत्यू' अशा अर्थाच्या साध्या इंग्रजी शीर्षकाचा लेख प्रसिद्ध झाला.

ही दोन शीर्षके लेखनशैलीच्या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. इंग्रजी शीर्षक विषय व प्रदेश सांगून थांबते, कारण त्या साप्ताहिकाचा वाचक विषय पाहूनच लेख उघडतो. मराठी शीर्षक मात्र एका विसंगतीवर उभे आहे. पिकली पाने गळणे हा निसर्गक्रम आहे, कोवळी पाने गळणे हा नव्हे. बालमृत्यू अटळ नाहीत, ही अहवालाची भूमिका शीर्षकातील दोन शब्दांत सामावली आहे. येथे रूपक सजावटीसाठी आलेले नाही, ते युक्तिवादाचा भाग झाले आहे. तथापि असे रूपक शीर्षकात शोभते, तक्त्यात नव्हे. आकडा द्यावयाच्या ठिकाणी आकडाच द्यावा लागतो.

कार्यकर्त्यांसाठी लेखन :

२०११ मध्ये केंद्र शासनाने नवजात बालकांच्या घरोघरी देखभालीचे काम 'आशा' कार्यकर्तींकडे सोपविले. या टप्प्यावर संशोधनाची भाषा पुन्हा पालटते. कार्यकर्तीला निव्वळ घटीची टक्केवारी नको असते, कोणत्या दिवशी काय करावयाचे हे हवे असते. रुग्णालयात प्रसूती झाल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी द्यावयाच्या. घरी प्रसूती झाल्यास पहिल्या दिवसाची भेट धरून सात. 'भेटी देण्यात याव्यात' यापेक्षा 'भेट द्या', 'वजन करा', 'बाळाला गुंडाळून ठेवा' ही आज्ञार्थी, छोटी वाक्येच येथे योग्य होत.

वृत्तपत्रीय लेखनातील धोके :

वृत्तपत्रातील लेखात निष्कर्ष आरंभी आणि पद्धत नंतर येते. हा क्रम त्या माध्यमाला साजेसाच आहे. मात्र तीन ठिकाणी विशेष सावधगिरी आवश्यक ठरते.

१) आकड्याचे एकक : प्रस्तुत प्रयोगात प्रारंभीचा मृत्युदर दर हजारी ६२ होता आणि तुलनेची गावे लक्षात घेता तिसऱ्या वर्षीची निव्वळ घटही सुमारे ६२ टक्के होती. दोन्ही ठिकाणी '६२' असला तरी अर्थ भिन्न आहेत. सामान्य वाचकासाठी 'दर हजार जन्मांमागे ३६ ते ३७ बालके अधिक वाचली' हे वाक्य टक्केवारीहून स्पष्ट ठरते.

२) संज्ञा : 'नवजात मृत्यू' म्हणजे जन्मानंतर २८ दिवसांच्या आतील, 'अर्भकमृत्यू' म्हणजे एक वर्षाच्या आतील. 'बालमृत्यू' ही संज्ञा सामान्यतः पाच वर्षांपर्यंतच्या मृत्यूंसाठी योजिली जाते. पुनरुक्ती टाळण्यासाठी या शब्दांची अदलाबदल केली, तर भाषा डौलदार होईल, पण विधान असत्य होईल.

३) व्याप्ती : डॉ. बंग दांपत्याच्या १९८९ मधील 'लॅन्सेट' लेखात दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी होती व त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले होते. 'दोन गावांतील' हे शब्द वगळले की हेच विधान साऱ्या ग्रामीण भारताविषयीचे होऊन बसते. मजकूर कमी करताना विशेषणे खुशाल वगळावीत, मर्यादा दर्शविणारे शब्द मात्र राखावेत.

बदलणारे आणि न बदलणारे :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, मांडणीचा क्रम, वाक्याची लांबी, संज्ञांचे स्पष्टीकरण, उदाहरणे आणि शीर्षक या बाबी वाचकानुसार बदलू शकतात. आकडा, त्याचे एकक, अभ्यासाचा प्रदेश व काळ, तुलनेचा आधार आणि निष्कर्षाविषयीची खात्री या बाबी मात्र कोणत्याही प्रकाशनात बदलता येत नाहीत. 'आढळून आले' याचे 'सिद्ध झाले' असे रूपांतर हा शैलीतील बदल नसून आशयातील बदल आहे. तसेच अन्य वाचकवर्गासाठी पुनर्लेखन करताना मूळ प्रकाशनाचा स्पष्ट उल्लेख करणे व संबंधित संपादकांची संमती घेणे आवश्यक आहे.

समारोप :

प्राध्यापकाचे संशोधन बहुधा आसपासच्या गावांतून, शेतांतून व वर्गांतून माहिती गोळा करून उभे राहते. ज्यांनी प्रश्नावलीला उत्तरे दिली, त्यांना त्या उत्तरांचे पुढे काय झाले हे जाणून घेण्याचा अधिकार आहे. त्यांच्या भाषेत लिहिणे हे संशोधनाच्या दर्जाशी तडजोड करणे नव्हे. तज्ज्ञांच्या पत्रिकेत निष्कर्षाची कसोटी लागते आणि लोकभाषेतील लेखनाने त्याचे ऋण फिटते. दोन्ही लेख एकाच प्रामाणिक नोंदवहीतून उतरलेले असावेत, एवढीच अपेक्षा आहे.