सासूबाईंना वजनकाट्याकडे पाठवा

आशाताई आणि एएनएमच्या प्रशिक्षणात बाळंतिणीच्या मनाचा विषय बहुतेक वेळा जेवणानंतर येतो. सकाळ लसीकरण, रक्तक्षय आणि अहवालांच्या नमुन्यांत जाते. बाहेर खानदेशचं ऊन, पोटात जेवण आणि पडद्यावर लक्षणांची यादी. अशा वेळी चांगल्या चांगल्यांच्या माना कलंडतात. धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्याच्या सत्रात दुसऱ्याच स्लाइडला वीज गेली, आणि त्यातूनच या विषयावरचं आमचं खरं प्रशिक्षण सुरू झालं.

खुर्च्या गोल मांडल्या. म्हटलं, नाटक करू. एक ताई बाळंतीण झाली, एक आशा, एक सासू. आशाने सुनेला विचारलं, झोप लागते का? उत्तर सासूचं आलं: "तिले काय व्हयनं? दोन टाईम आयतं खास!" मन लागतं का, रडू येतं का, प्रत्येक प्रश्नाला सासूच पुढे. हशा पिकला. पण प्रश्न संपले तरी सुनेच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता, आणि हे रोजच्या गृहभेटीत घडतं हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. त्यावर एका जुन्या एएनएमबाईंनी तोडगा सांगितला. बाळ सासूच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, "माय, तेवढं वजन करून आणा." काटा मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवायचा. सासू नातवाचं वजन बघायला हौसेने जाते आणि आपल्याला दोन-चार मिनिटं मिळतात. कुठल्याही पुस्तिकेत नसलेली ही युक्ती तेव्हापासून आम्ही प्रत्येक सत्रात शिकवतो.

त्या दोन-चार मिनिटांत विचारायचं काय, यासाठी बाळंतिणीचं नैराश्य हेरणारी एडिनबर्गची प्रश्नावली आहे. तिच्यामागचा किस्सा मी आवर्जून सांगते. मनोविकारतज्ज्ञ जॉन कॉक्स यांनी आधी युगांडात बाळंतिणींच्या मानसिक आजारांचा अभ्यास केला होता. पुढे एडिनबर्गमध्ये जेनिफर होल्डन आणि रूथ सॅगोव्हस्की यांच्यासह त्यांनी १९८७ साली ही १० प्रश्नांची यादी प्रसिद्ध केली. नैराश्याच्या नेहमीच्या चाचण्या भूक, थकवा, झोप विचारतात; पण रात्री चारदा उठून पाजणारी कुठलीही बाई थकलेलीच असणार. म्हणून या यादीत शरीरापेक्षा मनाला विचारलं आहे. झोपेचा प्रश्न आहे, पण तो झोप उडण्याइतकं दुःख वाटतं का, असा. गेल्या ७ दिवसांबद्दल बोलायचं, एकूण गुण ३०.

दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दलचा. सरावात तो हटकून गळतो. कुणी नववा विचारून थांबते, कुणी कागद घडी करते. एका ताईंनी कारण बोलून दाखवलं: "विचारलं आणि तिच्या डोक्यात तेच बसलं तर?" ही भीती मनापासूनची असते, तिला झटकून चालत नाही. विचारल्याने असा विचार रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे समजावून सांगावं लागतं. मग जोड्या करून तो प्रश्न मोठ्याने म्हणायला लावतो, जीभ अडखळायची थांबेपर्यंत. आणि उत्तर "हो" आलं तर तिला एकटं सोडायचं नाही, घरातल्या विश्वासाच्या माणसाला थांबवायचं, डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं, टेलि-मानसचा १४४१६ क्रमांक लावून द्यायचा.

डॉक्टरांच्या सत्राची तऱ्हा वेगळी. एमबीबीएस डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ५ वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात, त्यामुळे हजेरी चोख असते. पहिला प्रश्न औषधांचा: अंगावर पाजणाऱ्या आईला गोळी द्यावी का? सर्ट्रालीन दुधात फार कमी उतरतं, हे ऐकून अनेकांची अडचण सुटते. पण बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जाते ती आशा. तिला पॉइंट नाहीत. माझ्या मते या विषयावरचा सगळ्यात जास्त वेळ तिला मिळायला हवा.

विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातल्या अभ्यासात २३ टक्के आयांना बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्य आढळलं होतं. नवऱ्याची मारहाण, मुलाची आस आणि पदरात मुलगी, ही कारणं तिथेही होती. आकडा सांगितला की ताया मनातल्या मनात आपल्या यादीतली घरं मोजू लागतात.

एक गोष्ट मात्र सत्रात घाईने उरकायची नाही. हजारात एखाद-दुसरी बाळंतीण पहिल्या दोन आठवड्यांतच भ्रमिष्टासारखी वागू लागते. झोपत नाही, भलतंच बोलते, बाळाबद्दल विचित्र शंका घेते. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं, आणि दिवस भगताकडे जातात. ही तातडीची वेळ आहे, त्याच दिवशी धुळ्याला न्यायचं. बाळ आईपासून तोडतील या धास्तीने नातेवाईक अडून बसतात. त्यांना सांगायचं, की २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार ३ वर्षांखालचं मूल उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळं करत नाहीत.

सगळ्यात अवघड गाठ माहेराची. नरडाण्याच्या सुनेची नोंद, तपासण्या इथल्या आशेकडे. बाळंतपण अमळनेरकडे, म्हणजे जिल्हाच दुसरा, नाहीतर थेट सुरतेला. गरोदरपणी कोमेजलेली बाई जिने पाहिली, त्या आशेला ती पुढे महिनोन् महिने भेटत नाही. माहेरच्या आशेला मागचं काहीच माहीत नसतं. नरडाण्याच्या त्या दुपारी यावर बराच वाद झाला. शेवटी ठरलं ते एवढंच: सातव्या महिन्यात माहेरच्या गावाचं नाव विचारायचं, तिथल्या आशेचा नंबर मिळवायचा, माता-बाल कार्डावर दोघींचे नंबर लिहायचे. आणि माहेरच्या आशेने दीड महिन्याच्या लसीला बाळासोबत आईलाही बसवून घ्यायचं, कारण ती लस चुकवायला कुठलीच आजी तयार नसते.