नॉव्हेलवरचा भरवसा

यूटातल्या प्रोव्होची नेटवर्क-सॉफ्टवेअर कंपनी नॉव्हेल १९९७च्या सुमारास पार ढेपाळली होती. १९९४मध्ये घेतलेले वर्डपरफेक्ट हे लेखन-सॉफ्टवेअर दोनच वर्षांत कोरेलला विकावे लागले, वर मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटीची मुसंडी. अशा वेळी सन मायक्रोसिस्टिम्समधून एरिक श्मिट प्रमुख म्हणून आले. १९९८चे ‘नेटवेअर ५’ हे कंपनीचे नेटवर्क-सॉफ्टवेअर थेट आयपीवर, म्हणजे इंटरनेटच्या नियमावलीवर, चालू लागले आणि शेअर सावरला. नॉव्हेल पुन्हा उभी राहील ही गुंतवणूकदारांची आशा भाबडी मुळीच नव्हती. कारण नॉव्हेलच्या नेटवर्कवर कर्मचाऱ्याने कुठल्याही टेबलावरून लॉगिन करावे, त्याच्या फायली, त्याचा प्रिंटर समोर हजर. ही किमया एनडीएस या नेटवर्क-निर्देशिकेची, आणि ती खरोखर अव्वल होती. मात्र २००१मध्ये श्मिट गूगलमध्ये गेले. २०११मध्ये अ‍ॅटाचमेटने नॉव्हेल सुमारे २.२ अब्ज डॉलरना घेतली.