सुईदोऱ्याची शुभेच्छा

पावसाळा लागला की रविवारी सकाळी पुण्याहून खडकवासल्यामार्गे पानशेतकडे जाणारा रस्ता गाड्यांनी भरून वाहू लागतो. सुमारे 40 किलोमीटरचे अंतर. ढगात बुडालेले डोंगर, भाताची हिरवीगार खाचरे, धरणाचे पाणी, भाजलेले कणीस आणि गरम कांदाभजी. दिवस कसा सरतो ते कळत नाही. संध्याकाळी परत निघताना मात्र एक प्रश्न उभा राहतो. घरी थांबलेल्या आजीसाठी, शेजारच्या काकूंसाठी इथून न्यायचे काय? लोणावळ्याहून चिक्की येते, सावंतवाडीहून लाकडी खेळणी येतात. पानशेतहून काय आणावे?

माझी एक साधी सूचना आहे. तळहाताएवढे एक शुभेच्छापत्र आणावे. जाड कागदावर धावदोऱ्याने काढलेली डोंगराची रेघ, तिच्या पायथ्याशी उलट्या टिपेने घातलेली पाण्याची ओळ आणि कडेला पिवळ्या मण्यांची सोनकीची फुले. पुणेकरांच्या मनात पानशेत हे नाव 12 जुलै 1961 या दिवशी कायमचे कोरले गेले. त्या दिवशी धरण फुटले आणि मुठेच्या पुराने अर्ध्या शहराची दैना केली. कित्येक घरांतल्या ट्रंका, त्यांतले फोटो, जपून ठेवलेली पत्रे त्या पाण्यात गेली. त्याच गावाचे नाव घेऊन एखादे पत्र पुन्हा घरात यावे आणि जपून ठेवले जावे, ही कल्पना मला मोहवते.

तुम्ही म्हणाल, कार्ड ते काय, आणि त्याचे एवढे कौतुक काय? मोबाइलवर एक बोट दाबले की शंभर जणांना शुभेच्छा जातात. खरे आहे. पण या सोयीचा उगम शोधू गेले, तर गंमत हाती लागते.

वेळ वाचवण्यासाठी जन्मलेले कार्ड

छापील शुभेच्छापत्राची कथा 1843 सालच्या लंडनमध्ये सुरू होते. हेन्री कोल नावाच्या एका अतिशय उद्योगी गृहस्थांना नाताळात आलेल्या पत्रांना उत्तरे लिहायला सवड नव्हती. त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या, लागतील तेवढ्या स्वतः वापरल्या आणि उरलेल्या एकेक शिलिंगला विकायला ठेवल्या. म्हणजे छापील कार्ड जन्माला आले तेच वेळ वाचवण्यासाठी. पुढे आपल्याकडेही दुकाने कार्डांनी सजली. 1979 मध्ये सुरू झालेल्या आर्चीजच्या दुकानांत वाढदिवसाचे कार्ड निवडण्यात एका पिढीने तासन्‌तास घालवले. मोबाइलवरचा तयार संदेश हा त्याच वाटेवरचा पुढचा मुक्काम. कोलसाहेबांना तो नक्की आवडला असता!

सुईदोऱ्याने केलेले कार्ड मात्र नेमके उलट्या दिशेने चालते. ते वेळ वाचवत नाही, वेळ देऊन टाकते. पाठवणाऱ्याने आपल्यासाठी तास-दीड तास खाली मान घालून काम केले, हे त्याच्या प्रत्येक टाक्यात दिसते. आत दोनच शब्द लिहिलेले असले तरी चालते.

पहिल्या महायुद्धात याचा प्रत्यय हजारो घरांनी घेतला. 1914 ते 1918 या काळात फ्रान्स आणि बेल्जियममधल्या स्त्रिया रेशमी जाळीच्या पट्ट्यांवर फुले, झेंडे, फुलपाखरे भरत. मग त्या पट्ट्या कापून पुठ्ठ्याच्या चौकटीत चिकटवल्या जात. आघाडीवरचे सैनिक ही कार्डे विकत घेऊन आई-बायकोला पाठवत. ती इतकी नाजूक असत, की बहुतेकदा पत्राच्या पाकिटात घालूनच रवाना होत. म्हणून आज संग्रहालयांत दिसणाऱ्या अशा अनेक कार्डांच्या पाठीवर ना तिकीट असते, ना शिक्का. सैनिकांचा मजकूर चार ओळींचाच असे, पण कार्डे जपली गेली ती शंभर वर्षे! ज्या बायकांनी ती भरली, त्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याकडे पुन्हा यायचे आहे.

रुखवताची लेक

आपल्याकडे ही कला परकी मुळीच नाही. जुन्या घरांच्या दारांवरची काचमण्यांची तोरणे आठवा. रुखवतात मांडलेले मण्यांचे पोपट, बाटल्यांची जाळीदार आवरणे, कशिद्याने भरून काचेत बसवलेले ‘सुस्वागतम्’ आठवा. आणि हलव्याचे दागिने तर कोण विसरेल? लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सुनेच्या अंगावर किंवा बोरन्हाणात बाळाच्या गळ्यात शोभणारे ते दागिने म्हणजे साखरेचे मणी आणि दोराच. काही वर्षांपूर्वीपर्यंत संक्रांतीला नातेवाइकांना छोटी भेटपत्रे जात. पाकिटात चिमूटभर तिळगूळ किंवा हलव्याचे दाणे असत आणि पाकीट उघडताना ते हमखास जमिनीवर सांडत. कार्ड, दोरा आणि मणी या तिघांची ओळख मराठी घरात अशी फार पूर्वीच झालेली आहे. मण्यांचे शुभेच्छापत्र ही रुखवताचीच धाकटी लेक म्हणायची.

कागदाचीही सोय आपल्या दाराशी आहे. पुण्यात शिवाजीनगरला 1940 साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. सुती चिंध्यांचा लगदा करून त्यापासून हा कागद बनतो. कापसाचे लांब तंतू एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे तो चिवट असतो, सुई टोचली तरी पटकन फाटत नाही. मौज पाहा. कापडाच्या चिंध्या झाल्या, चिंध्यांचा कागद झाला, आणि त्या कागदाला आपण पुन्हा सुईदोरा लावायचा.

भोक बुजत नाही!

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. ज्यांनी कापडावर भरतकाम केले आहे, त्यांनी एक गोष्ट आधी मनात पक्की करावी. कापडावर टाका चुकला तर उसवता येतो आणि कापड जरा चोळले की भोक मिटते. कागद हे विसरत नाही. एकदा टोचले की टोचले. म्हणून इथे आधी विचार आणि मग सुई.

नक्षी पातळ कागदावर काढून घ्या. जाड कार्डाचा कागद साधारण 200 ते 250 जीएसएमचा असावा. त्याखाली थर्माकोलचा तुकडा किंवा वर्तमानपत्राची जाड घडी ठेवा, वर नक्षीचा कागद ठेवून चिमट्यांनी पक्का करा आणि टाचणीने भोके पाडून घ्या. दोन भोकांत तीन-चार मिलिमीटरचे अंतर हवे. त्याहून फार जवळ टोचले तर कागद टपालाच्या तिकिटाच्या कडेसारखा फाटतो. सगळी भोके पाडून झाल्यावरच दोरा ओवायचा.

अँकरच्या लडीत दोऱ्याचे सहा पदर असतात, त्यांतले दोन पुरतात. सरळ रेघांना धावदोरा, ठसठशीत कडेला उलटी टीप, फुलाच्या मध्याला गाठीचा टाका. साखळी टाका कागदावर सुरेख दिसतो, पण सुई एकाच भोकातून दोनदा जाते, तेव्हा भोक किंचित मोठे ठेवा. दोऱ्याला गाठ मारू नका. गाठीचा उंचवटा पुढून दिसतो. टोक मागच्या बाजूला चिकटपट्टीच्या तुकड्याने दाबून टाका.

मणी बारीक, दोन मिलिमीटरचे घ्यावेत. नेहमीची सुई त्यांतून जात नाही, मणी ओवायची बारीक सुई वेगळी मिळते. प्रत्येक मण्यातून दोरा दोनदा फिरवला की तो हलत नाही. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मणी आणि टिकल्या वजनावर मिळतात, कागदासाठी अप्पा बळवंत चौक आहेच. सगळे झाल्यावर मागचे टाके झाकायला आतून एक पातळ कागद चिकटवा. डिंक अगदी पुसट लावा, नाहीतर कार्डाला सुरकुत्या पडतात.

एक सूचना टपालाने पाठवणाऱ्यांसाठी. तिकीट पाकिटाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात असते आणि त्यावर पडणारा शिक्का म्हणजे हातोडाच. तेव्हा मण्यांची नक्षी डावीकडे, खालच्या अंगाला ठेवा आणि पाकिटात एक पुठ्ठा घाला. घडीच्या रेघेवर मणी कधीच शिवू नका.

घरातली मुलेही यात रमतात. सात-आठ वर्षांच्या मुलांना भोके आपण पाडून द्यावीत आणि बोथट सुई, लोकरीचा दोरा द्यावा. कागद टोचणे आणि टोचलेल्या कार्डावर शिवणे हे खेळ बालवाडीचा जनक फ्रोबेल याने मुलांच्या शिक्षणात सांगितलेच होते. हात आणि डोळा यांची गट्टी अशाने जमते. अगदी लहान मूल घरात असेल तर मण्यांची डबी मात्र वरच्या फळीवर, कारण मणी दिसला की तो तोंडात जायचाच.

नक्षी कुठून आणायची, असा प्रश्न पानशेत-वेल्ह्याच्या माणसाला पडायला नको. पावसाच्या अखेरीस माळावर पिवळी सोनकी फुलते, गुलाबी-जांभळा तेरडा डोलतो. कारवी सात वर्षांतून एकदा उतार निळा-जांभळा करून टाकते. तोरणा आणि राजगड याच तालुक्यातले. त्यांच्या कड्यांची एक वळणदार रेघ धावदोऱ्याने घातली तर रंगाचीही गरज नाही. भाताच्या लोंबीसाठी लांबट सोनेरी मणी आहेत. परदेशी कार्डांवरचे बर्फ आणि अस्वले यांची नक्कल करत बसण्यापेक्षा हे कितीतरी जिवंत वाटते.

‘फावल्या वेळातले’ काम?

आता मघाचा मुद्दा. हे कार्ड विकायचे ठरले, तर त्याची किंमत काय ठेवावी?

बचत गटांचे जाळे आज खेड्यापाड्यांत पोचले आहे. महाराष्ट्र शासनाने 1975 मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन केले. वेल्हे आणि भोरच्या खोऱ्यांत ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेने बचत गटांचे काम उभे केले. पुण्याच्या भीमथडी जत्रेत गावोगावच्या बायका पापड, मसाले आणि हातकामाच्या वस्तू घेऊन येतात. कार्डाला विकण्याची जागा मिळू शकेल. अडते ते दामापाशी.

समजा, एका कार्डाला कागद, दोरा, मणी आणि पाकीट मिळून 25 रुपये लागले आणि भरायला दोन तास. आपण ते 50 रुपयांना मागतो. शिवाय ‘एवढ्याशा कागदाचे पन्नास?’ असेही म्हणतो. म्हणजे त्या बाईच्या हातात दोन तासांचे 25 रुपये पडले, तासाला साडेबारा. तिने तासाला 60 रुपये धरले, तर तेच कार्ड 145 रुपयांचे होते, आणि त्यात जत्रेला येण्या-जाण्याचा खर्च अजून धरलेलाच नाही.

इथे एक शब्द आडवा येतो, ‘फावला वेळ’. बाईचे भरतकाम फावल्या वेळातले, म्हणून त्याला मोल नाही, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या धरून चाललो. रुखवतातल्या पोपटाचे कौतुक झाले, पण त्याचे तास कोणी मोजले नाहीत. पानशेतच्या बाईने भातलावणी, गुरे, पाणी, चूल आणि मुले आटोपून जो तास काढला, तो फावला कसा? तो तर तिच्या दिवसातला सगळ्यात महाग तास.

यातून वाट निघते ती दोन्ही बाजूंनी. करणारीने नक्षी वेळेच्या हिशेबाने आखावी. नऊ मण्यांची सोनकीची एक डहाळी अर्ध्या तासात होते. सामान 15 रुपयांचे आणि मजुरी 30 धरली तर 60 रुपयांना विकूनही चार पैसे उरतात. गटात काम वाटून घेतले, एकीने भोके पाडली, दुसरीने टाके घातले, तिसरीने पाकिटे केली, तर वेळ आणखी वाचतो. आणि कार्डाच्या मागे करणारीचे नाव आणि गाव लिहायला विसरू नये. फ्रान्समधल्या त्या बायकांच्या वाट्याला जे आले नाही, ते आपल्याकडे एका पेनाच्या रेघेत साधते.

घेणाऱ्याने एवढेच करावे. मोबाइलवरच्या शुभेच्छा खुशाल पाठवाव्यात, पण वर्षातून एकदा, एका माणसाला, टोचलेल्या कागदाची शुभेच्छा द्यावी. स्वतः केलेली असेल तर उत्तम. विकतची असेल तर घासाघीस न करता घ्यावी, आणि पैसे देण्यापूर्वी कार्ड उलटून मागचे नाव वाचावे.